जहाजांवरील तेल शुद्धीयंत्रे व त्यांची निगा

जहाजाच्या एंजिनांना लागणारे इंधन तेल व वंगणतेल यांतील पाणी, गाळ व घन कण केंद्रोत्सारी प्रेरणेच्या (फिरणाऱ्या वस्तूस मध्यापासून बाहेर फेकू पाहणाऱ्या प्रेरणेच्या) साहाय्याने वेगळे काढणाऱ्या यंत्रांना तेल शुद्धीयंत्रे म्हणतात. जहाज बंदर सोडून निघाले की टाक्यांत असेल त्याच तेलावर पुढील बंदरापर्यंतचा प्रवास करावा लागतो. हे तेल अशुद्ध असल्यास ते बदलून घेण्याची सोय भर समुद्रात नसते. यामुळे तेलाची शुद्धता ही जहाजाच्या सुरक्षिततेची एक अट ठरते. या यंत्रांच्या सु. शंभर वर्षांच्या इतिहासात गाळ काढण्याचे हाताचे काम क्रमाक्रमाने यंत्राकडे गेले. तथापि ठरलेल्या वेळी यंत्र उघडून पाहण्याची गरज संपलेली नाही. म्हणून येथे यंत्राच्या विकासाबरोबर त्याच्या निगेचाही इतिहास दिला आहे. याच तत्त्वावरील यंत्रे पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत साखर व दूध यांच्या उद्योगांत वापरली जातात, तसेच वालचंद हिराचंद यांच्या कार्यामुळे हा परिसर भारतीय नौवहनाच्या इतिहासाशीही जोडला गेला आहे. त्या अनुषंगाने तेथील यंत्रांचा तुलनात्मक परामर्श पुढे घेतला आहे.

तत्त्व व रचना : तेल टाकीत स्वस्थ ठेवले असता पाणी व जड कण तळाशी बसतात. कण खाली बसण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या आणि कण व तेल यांच्या घनतांतील फरकाच्या सम प्रमाणात, तर तेलाच्या श्यानतेच्या (दाटपणाच्या) व्यस्त प्रमाणात असतो, हे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमावरून मिळते. सूक्ष्म कण या रीतीने खाली बसण्यास अनेक दिवस लागतात आणि हेलकावणाऱ्या जहाजात तर बसलेला गाळही पुन्हा ढवळला जातो. शुद्धीयंत्रात गुरुत्वाऐवजी त्याच्या हजारो पट मोठ्या केंद्रोत्सारी प्रेरणेचा उपयोग करतात. उदा., २० सेंमी. त्रिज्येचे पात्र मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेशी ही प्रेरणा गुरुत्वाच्या सु. ८,००० पट असते.

यंत्राचा मुख्य भाग म्हणजे उभ्या दंडावर बसविलेले पोलादी फिरते पात्र होय. त्यात पातळ, शंकूच्या आकाराच्या तबकड्या थोडे अंतर सोडून एकावर एक रचलेल्या असतात. तेल या तबकड्यांमधील अरुंद फटींतून वाहत असल्याने कणाला फार थोडे अंतर कापावे लागते. जड कण व पाणी तबकडीच्या खालच्या पृष्ठावरून घसरत बाहेरच्या कडेस जातात, तर स्वच्छ तेल आतील बाजूने वर चढून बाहेर पडते. पाणी व गाळ दोन्ही काढणाऱ्या मांडणीस प्युरिफायर व केवळ गाळ काढणाऱ्या मांडणीस क्लॅरिफायर म्हणतात. प्युरिफायरमध्ये पात्राच्या कडेशी पाण्याचे कडे राखलेले असते. या कड्यामुळे तेलाला पाण्याच्या मार्गाने निसटता येत नाही. तेल व पाणी यांची सीमा कोठे राहील हे पात्राच्या वरच्या भागी बसविलेल्या, ग्रॅव्हिटी डिस्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कडीच्या आतील व्यासावरून ठरते. तेलाची घनता बदलली की ही कडीही बदलावी लागते.

इतिहास : या यंत्राचा उगम दुग्धव्यवसायात झाला. स्वीडिश अभियंते गुस्ताफ द लाव्हाल (१८४५–१९१३) यांनी १८७८ मध्ये दुधातून मलई अखंडपणे वेगळी काढणारे केंद्रोत्सारी यंत्र तयार केले. ऑस्कर लाम यांच्या भागीदारीत त्यांनी १८८३ मध्ये स्टॉकहोम येथे या यंत्रांच्या निर्मितीसाठी कंपनी स्थापन केली. पुढे ती अल्फा लाव्हाल या नावाने प्रसिद्धीस आली. आरंभीच्या यंत्रातील पात्र आतून पोकळ होते. त्यात शंक्वाकार तबकड्या बसविण्याची कल्पना जर्मन संशोधक क्लेमेन्स फोन बेख्टोल्सहाइम यांची. तिचे हक्क घेतल्यानंतर १८९० च्या सुमारास तबकड्यांची यंत्रे प्रचारात आली आणि त्याच आकाराच्या यंत्राची कार्यक्षमता कितीतरी पटींनी वाढली. आजच्या तेल शुद्धीयंत्रातील तबकड्यांची रचना मूलतः तीच आहे.

जहाजांवर या यंत्राची गरज डीझेल एंजिनामुळे निर्माण झाली. वाफेच्या जहाजांत बाष्पित्राखाली तेल जाळताना त्यात थोडे पाणी वा गाळ असला, तरी ज्वाला फडफडण्यापलीकडे सहसा हानी होत नसे. डीझेल एंजिनात मात्र तेल अतिशय बारीक फटीच्या पंपातून व सूक्ष्म छिद्रांच्या अंतःक्षेपकातून सिलिंडरमध्ये जाते. तेथे पाण्याने गंज चढतो व कठीण कणांनी पृष्ठे झिजतात. कोपनहेगन येथे बांधलेल्या ‘सेलांडिया’ या जहाजाने १९१२ मध्ये बँकॉकपर्यंतचा प्रवास केला आणि महासागरी वाहतुकीस डीझेल एंजिन उपयुक्त असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत डीझेल एंजिनांच्या जहाजांवर केंद्रोत्सारी शुद्धीयंत्रे रूढ झाली. त्या काळी यंत्र थांबवून, पात्र उघडून, आतील गाळ हातानेच काढावा लागे. इंधन हलके व तुलनेने स्वच्छ असल्यामुळे हे काम आटोक्यात होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही स्थिती पालटली. ब्रिटिश तेलवाहू जहाज ‘ऑरिक्युला’ यावर जॉन लॅम यांनी १९४६ पासून बाष्पित्रासाठीचे स्वस्त, जड तेल डीझेल एंजिनात जाळण्याचे प्रयोग केले. तेल तापवून ते प्रथम प्युरिफायरमधून व नंतर क्लॅरिफायरमधून नेल्यास असे तेलही वापरता येते, हे या प्रयोगांवरून दिसून आले. इंधनावरील खर्चात मोठी बचत होत असल्याने जहाजमालकांनी ही पद्धत झपाट्याने स्वीकारली. परंतु जड तेलात गाळ अधिक असल्याने पात्र वारंवार उघडण्याचे काम असह्य झाले. यातूनच फिरत असतानाच गाळ बाहेर टाकणारी यंत्रे प्रचारात आली. त्यांत पात्राचा तळ पाण्याच्या दाबाने क्षणभर खाली सरकतो, कडेची छिद्रे उघडतात आणि साठलेला गाळ बाहेर फेकला जातो. १९८० च्या दशकात बाहेर पडणाऱ्या स्वच्छ तेलातील पाण्याचा अंश मोजून त्यानुसार गाळ केव्हा टाकावयाचा हे ठरविणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे आली. जुन्या पद्धतीच्या प्युरिफायरला १५° से. तापमानास घनमीटरला ९९१ किग्रॅ. घनतेपर्यंतचे तेल हाताळता येई. नव्या यंत्रांमुळे ही मर्यादा १,०१० किग्रॅ.पर्यंत गेली व ग्रॅव्हिटी डिस्क बदलण्याची गरज राहिली नाही.

याच सुमारास एक नवी अडचण तीव्र झाली. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर खनिज तेलापासून अधिक पेट्रोल व डीझेल मिळविण्यासाठी उत्प्रेरकी भंजनाचा वापर वाढला. या प्रक्रियेतील उत्प्रेरकाचे ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या संयुगांचे अत्यंत कठीण कण उरलेल्या जड तेलात येतात. हे कण सिलिंडरच्या अस्तरात व दट्ट्याच्या कड्यांत रुतून बसतात आणि कानशीसारखे काम करतात. जहाजी इंधनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात यांची मर्यादा किलोग्रॅममागे ८० मिग्रॅ. होती, २०१० मध्ये ती ६० मिग्रॅ. करण्यात आली. एंजिनात शिरताना मात्र हे प्रमाण साधारणतः १० ते १५ मिग्रॅ.पेक्षा अधिक नसावे, अशी एंजिननिर्मात्यांची अपेक्षा असते. या दोन आकड्यांमधील अंतर भरून काढण्याची मुख्य जबाबदारी शुद्धीयंत्रावर येते. १ जानेवारी २०२० पासून जहाजी इंधनातील गंधकाचे प्रमाण जगभर ०.५० टक्क्यावर आणले गेले. गंधक कमी झाल्याने शुद्धीयंत्राचे काम मात्र कमी झालेले नाही. कारण नव्या मिश्र इंधनांतही असे कण असू शकतात.

भारतीय नौवहन व वालचंदनगर : वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) व त्यांचे सहकारी यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. हा दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळण्यात येऊ लागला. कंपनीने विशाखापटनम् येथे १९४१ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना काढला आणि तेथे बांधलेले ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात सोडण्यात आले. ‘लॉयल्टी’ व ‘जलउषा’ ही दोन्ही जहाजे वाफेवर चालणारी होती. भारतीय व्यापारी जहाजांत डीझेल एंजिने नंतरच्या काळात सार्वत्रिक झाली आणि तीबरोबर तेल शुद्धीयंत्रांची निगा हा नौअभियंत्यांच्या शिक्षणाचा व रोजच्या कामाचा भाग बनला. पुणे जिल्ह्यातच लोणावळा येथे १९४५ मध्ये सुरू झालेली ‘शिवाजी’ ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. याच जिल्ह्यात दापोडी येथे अल्फा लाव्हाल कंपनीचा कारखाना उभा राहिला.

नौवहनाबरोबरच वालचंद हिराचंद यांनी शेती व साखर उद्योगाकडे लक्ष दिले. इंदापूर तालुक्यातील कळंब गावाच्या परिसरात १९३० च्या दशकात त्यांच्या प्रेरणेने ऊसमळे व साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवतीच्या वसाहतीस वालचंदनगर हे नाव मिळाले. कारखान्याच्या दुरुस्तीच्या गरजेतून वाढत गेलेल्या तेथील यंत्रशाळेत पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री, मोठे दंतचक्रसंच व नौदलाच्या जहाजांसाठी दंतचक्रपेट्या तयार होऊ लागल्या. जहाजाच्या दंतचक्रपेटीचे आयुष्य वंगणतेलाच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. दात एकमेकांवर दाबले जात असताना त्यांच्यामध्ये तेलाचा केवळ पातळ पापुद्रा असतो. त्यात पाणी शिरल्यास पापुद्रा तुटतो व दातांवर खड्डे पडतात. त्यामुळे समुद्रापासून दूर घडविलेले हे दंतचक्र समुद्रावर किती वर्षे चालेल, हे पुष्कळ अंशी तेथील तेल शुद्धीयंत्राच्या निगेवर ठरते.

बारामती–इंदापूर परिसरातील समधर्मी यंत्रे : नीरा डाव्या कालव्यामुळे या दोन तालुक्यांत उसाची लागवड वाढली व वालचंदनगरनंतर सहकारी कारखाने निघाले. बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वरनगर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगर येथील कारखाने प्रसिद्ध आहेत. साखर कारखान्यात दाट पाकातील स्फटिक व मळी वेगळी करण्यासाठी वापरतात ते सेंट्रिफ्युगल मशीन हे तेल शुद्धीयंत्राचे समधर्मी होय. हवाई बेटांतील डेव्हिड वेस्टन यांनी १८५० च्या दशकाच्या आरंभी साखरेसाठी वरून टांगलेल्या दंडाचे असे यंत्र प्रचारात आणले. याचे पात्र सच्छिद्र असते व त्यास आतून जाळी लावलेली असते. मळी जाळीतून बाहेर जाते व साखर आत राहते. तेल शुद्धीयंत्रात जाळी नसते व वेगही कितीतरी अधिक असतो. तथापि भार सर्व बाजूंनी सारखा नसेल तर पात्र हेलकावे खाऊ लागते, ही अडचण दोन्ही यंत्रांत समान आहे.

दुग्धप्रक्रिया केंद्रांतील मलई विभक्तक तर तेल शुद्धीयंत्राचा थेट पूर्वज आहे. तबकड्या, फिरते पात्र, सर्वांना आवळून धरणारे कडे हे भाग दोन्हींत सारखेच असतात. फरक निगेच्या कालमानात दिसतो. दुधाचा अंश तबकड्यांवर राहिल्यास काही तासांतच जंतू वाढतात. म्हणून विभक्तकाची धुलाई रोजच्या रोज, अल्कली व अम्ल यांच्या विद्रावांनी करतात. साखरेच्या यंत्राची जाळी गळीत हंगामात वेळोवेळी धुवावी लागते. परंतु संपूर्ण यंत्र सोडवून धारवे, दंड व गतिरोधक तपासण्याचे काम हंगाम संपल्यावर होते. जहाजाला असा बंद हंगाम नसतो. त्यामुळे तेथे दिनदर्शिकेऐवजी यंत्र किती तास चालले यावरून निगेच्या वेळा ठरवितात आणि एक यंत्र उघडले असता दुसरे चालू ठेवता यावे म्हणून यंत्रे जोडीने बसवितात.

नेहमीची निगा : जहाजावर हे काम बहुधा चतुर्थ अभियंत्याकडे असते. प्रत्येक पाळीत तेलाचे तापमान, दाब, विद्युत् चलित्राचा प्रवाह व कंप यांची नोंद करतात. जड इंधन तेल साधारणतः ९८° से.पर्यंत व वंगणतेल ९०° से.च्या आसपास तापवून यंत्रात सोडतात. तापमान घटल्यास श्यानता वाढते व कण वेगळे होत नाहीत. तेल जितके सावकाश सोडावे तितकी शुद्धी चांगली होते; म्हणून एंजिनाच्या गरजेपेक्षा फार अधिक प्रवाह ठेवणे ही चूक समजली जाते. गाळ टाकण्याची क्रिया तेलाच्या स्थितीप्रमाणे दर एक ते चार तासांनी होते. या क्रियेसाठी लागणारे पाणी गोडे व मऊ असावे लागते. अन्यथा पात्राच्या तळातील बारीक छिद्रे क्षारांनी बुजतात आणि पात्र नीट उघडत वा मिटत नाही.

ठरावीक तासांनंतर पात्र उघडतात. निर्मात्याच्या पुस्तिकेत हा काळ दिलेला असतो; अनेक यंत्रांत मध्यम तपासणी सु. ४,००० तासांनी व मोठी तपासणी ८,००० वा अधिक तासांनी करतात. प्रथम तेल बंद करून गाळ टाकतात, वीज तोडतात व कळीवर सूचनाफलक लावतात. पात्र पूर्णपणे थांबल्याची खात्री झाल्याखेरीज एकही खिळा सैल करावयाचा नसतो; वीज बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरत राहते. पात्रावरील मोठे कडे बहुधा उलट्या आट्यांचे असते, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटते. तबकड्या रसायनात भिजवून मऊ कुंचल्याने धुतात. धातूच्या पट्टीने खरवडल्यास पृष्ठावर ओरखडे पडून गाळ तेथे लवकर चिकटतो. रबरी मुद्रिका बदलतात, आटे व कडा यांची झीज पाहतात, दंडाचे धारवे व गतिदायी दंतचक्रे वा पट्टा तपासतात आणि तळपेटीतील तेल बदलतात. यंत्र पूर्ण वेगास येण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागत असेल, तर घर्षण-क्लचची अस्तरे झिजली किंवा त्यांवर तेल आले असे समजतात.

जुळणी करताना तबकड्या त्यांच्या क्रमांकानुसारच बसवितात. प्रत्येक पात्राचे संतुलन कारखान्यात केलेले असते. म्हणून एका पात्राचा भाग दुसऱ्यास वापरता येत नाही. कडे आवळल्यावर पात्रावरील खुणा जुळल्या पाहिजेत. त्या खुणा ठरलेल्या मर्यादेपलीकडे सरकत असतील, तर आटे झिजलेले आहेत किंवा तबकड्यांवर पुरेसा दाब येत नाही, असा अर्थ होतो.

दुर्लक्षाचे परिणाम : वर दिलेल्या उदाहरणातील पात्राच्या कडेस एकाच बाजूला १० ग्रॅम गाळ राहिला, तर फिरताना सु. ८० किग्रॅ. वजनाइतकी ओढ त्या बाजूस निर्माण होते आणि तिची दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटते. धारवे फुटणे, दंड वाकणे व अखेर पात्राचे तुकडे उडणे हा याचा संभाव्य शेवट होय. दुसरा धोका आगीचा. तापविलेले तेल फुटलेल्या नळीतून तप्त पृष्ठभागावर पडल्यास ते पेटते. म्हणून ही यंत्रे शक्यतो स्वतंत्र खोलीत बसवितात आणि १ जुलै २००२ पासून बांधलेल्या मोठ्या जहाजांत तापविलेल्या इंधन तेलाच्या शुद्धीयंत्रांवर पाण्याचा स्थानिक फवारा बसविणे आंतरराष्ट्रीय नियमांनी आवश्यक केले आहे. तिसरा परिणाम सावकाश दिसतो. यंत्र चालू असते, मापक नेहमीचे आकडे दाखवितात; परंतु आतील तबकड्या गाळाने बुजलेल्या असल्याने अशुद्ध तेल तसेच पुढे जाते. एंजिनाची झीज लक्षात येईपर्यंत जहाज बंदरापासून शेकडो किलोमीटर दूर असू शकते. वादळात वा अरुंद जलमार्गात अशा वेळी एंजिन थांबणे हे जहाजावरील माणसांच्या जीवावर बेतते.

गाळाची विल्हेवाट : शुद्धीयंत्राने काढलेला गाळ पूर्वी बहुधा समुद्रातच जाई. जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची तेलविषयक नियमावली २ ऑक्टोबर १९८३ रोजी अंमलात आली आणि यास प्रतिबंध झाला. गाळ स्वतंत्र टाकीत साठवून तो जहाजावरच जाळणे किंवा बंदरात उतरवून देणे व त्याची तेल नोंदवहीत नोंद करणे बंधनकारक झाले. टाकीची क्षमता ठरविताना गाळाचे प्रमाण जड इंधनाच्या रोजच्या खपाच्या १ ते १.५ टक्के धरतात. म्हणजे रोज ४० टन इंधन जाळणाऱ्या जहाजास रोज ४०० ते ६०० किग्रॅ. गाळाची व्यवस्था करावी लागते. यंत्र नीट राखले नाही तर गाळाबरोबर चांगले तेलही जाते. त्यामुळे तेलाचा अपव्यय होतो आणि टाकीही वेळेआधी भरते. निगा चुकविण्याची किंमत अशा रीतीने एंजिनाबरोबर समुद्रालाही द्यावी लागते.

सद्यःस्थिती : आधुनिक यंत्रांत कंप, वेग, तापमान व पाण्याचा अंश यांचे सतत मापन होते आणि बिघाडाची पूर्वसूचनाही मिळू शकते. आटे किती झिजले, मुद्रिका कडक झाली काय, तबकड्यांमध्ये गाळ कोठे चिकटला आहे, या गोष्टी मात्र पात्र उघडल्यावरच निश्चित कळतात. मलई काढणाऱ्या यंत्राची रोजची धुलाई, साखरेच्या यंत्राची बंद हंगामातील तपासणी व जहाजावरील यंत्राची तासांनुसार होणारी उघडणी यांच्या मुळाशी एकच कारण आहे : घाण वेगळी काढणाऱ्या यंत्रातच ती घाण साठत असते. ती ठरलेल्या वेळी काढली जाईल तोपर्यंतच ते यंत्र शुद्धीयंत्र राहते.